जाडी, दिशा आणि एक चीर: मोठ्या हिरव्या तुरमलीचा कॅबोशॉन

पार्श्वभूमी

कुडाळ तालुक्यात खडे घडवण्याचा एक लहान कारखाना आहे. दोन चाकं, एक करवत आणि काम करणारा एक कारागीर. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मालवणकडच्या एक बाई तिथे रुमालात बांधलेला हिरवा कच्चा खडा घेऊन आल्या. त्यांचे सासरे बोटीवर नोकरीला होते. तिकडून येताना त्यांनी हा खडा आणला आणि तेव्हापासून तो देवघराच्या खणात पडून होता. घरात सगळे त्याला पाचूच म्हणत. मार्गशीर्षात मुलीचं लग्न होतं, त्याआधी त्याचं पेंडंट करून हवं होतं. मागणी स्पष्ट होती: "भाऊ, माका एकच मोठो खडो व्हयो. तुकडे नको." पैलू नकोत, गुळगुळीत घुमट हवा, म्हणजे कॅबोशॉन.

खडा म्हणजे लांबट दांडा. लांबी ४१ मिलिमीटर, रुंदी सर्वात जाड जागी २२, उंची २०. वजन ३८.६० ग्रॅम, म्हणजे १९३ कॅरट. एक टोक नैसर्गिक आणि सपाट, दुसरं तुटलेलं. अंगावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा, बोटाच्या नखाला सहज लागणाऱ्या. टोकाकडून पाहिलं तर छेद फुगीर कडांच्या त्रिकोणासारखा. एवढ्यावरूनच जाणकाराच्या मनात पाचूबद्दल शंका येते. पाचूचा स्फटिक षटकोनी असतो. तीन बाजूंचा, उभ्या रेघांचा दांडा ही तुरमलीची (इंग्रजीत टूर्मलीन) ओळख.

नुसत्या नजरेवर न थांबता दोन साध्या चाचण्या केल्या. खडा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला, वजन भरलं २६.०० ग्रॅम. हवेतलं वजन भागिले वजनातली घट, म्हणजे ३८.६० भागिले १२.६०: विशिष्ट गुरुत्व ३.०६. पाचूचं साधारण २.७ येतं. मग तुटलेल्या टोकावर नखाएवढी खिडकी पॉलिश करून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, ठेवली. १.६२ आणि १.६४ अशा दोन रेषा दिसल्या. पाचूच्या १.५७ ते १.५८ च्या आसपास येतात आणि एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. शंका राहिली नाही.

ही गोष्ट बाईंना कधी सांगायची, हा पहिला निर्णय. काही जण घडाई उरकल्यावर सांगतात, कारण आधी सांगितलं तर गिऱ्हाईक परत जाईल अशी भीती वाटते. इथे करवत लावण्याआधी, त्याच दिवशी सांगितलं, आणि आमच्या मते हाच एकमेव योग्य मार्ग आहे. कापल्यावर कळलं असतं तर खडा बदलल्याचा संशय आयुष्यभर राहिला असता. सोबत हेही सांगितलं की ही चूक जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमध्ये हिरवी तुरमली पाहिली तेव्हा त्यांनाही ती पाचूच वाटली होती. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सासऱ्यांनी बोटीवरसून हाडलेलो आसा, माका तोच पाचू."

अडचण

खडा मोठा होता, पण तीन गोष्टी आडव्या येत होत्या.

पहिली, रंगाची दिशा. आडवा धरून खिडकीकडे पाहिला की रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा, कडेला किंचित निळसर. तोच दांडा दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून टोकाकडून पाहिला की जवळजवळ काळा. हिरव्या तुरमलीत हे नेहमी आढळतं. कारण असं: खड्यात शिरलेला प्रकाश दोन प्रकारे थरथरतो. स्फटिकाच्या लांबीला आडव्या थरथरणाऱ्या प्रकाशाला तुरमली फार गिळते, लांबीच्या दिशेने थरथरणाऱ्याला कमी. बाजूने पाहताना दोन्ही प्रकार येतात, म्हणून निदान एक तरी पार होतो. लांबीच्या दिशेने जाणारा सगळा प्रकाश मात्र आडवाच थरथरत असतो, त्यामुळे तो सगळाच गिळला जातो. घरच्या घरी पडताळायचं तर ध्रुवीकरण करणारा गॉगल घ्या, खडा आडवा धरून उजेडात त्याच्यातून पाहा आणि गॉगल हळूहळू फिरवा. खडा एकदा उजळतो, एकदा काळवंडतो. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकात तुरमलीच्या दोन पातळ चकत्या बसवलेला चिमटा प्रकाशाच्या अभ्यासासाठी वापरत असत.

दुसरी अडचण चिरेची. तुटलेल्या टोकापासून १२ मिलिमीटरवर एक आडवी चीर दांड्याच्या अर्ध्याहून जास्त आत गेलेली होती. तुरमलीला हिऱ्यासारखे ठरलेले पदर नसतात, पण दांडा आडवा तडकण्याची तिला खोड असते.

तिसरी, आतली जाळी. टॉर्च खालून लावल्यावर मधल्या भागात केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या धाग्यांचे विरळ पडदे दिसत. हे द्रव भरलेले सूक्ष्म पोकळ धागे. हिरव्या तुरमलीत ते नेहमीचेच, आणि कॅबोशॉनमध्ये शोभतातही. पण आत द्रव असल्यामुळे खडा तापला की तो फुगतो आणि पडद्याची चीर होऊ शकते. चिरेपलीकडच्या १२ मिलिमीटरच्या तुकड्यात मात्र वेगळंच काही होतं: लांबीच्या दिशेने एकमेकींना समांतर, दाट, सरळ नळ्या.

पर्याय

पैलू पाडण्याचा विचार आधीच बाजूला ठेवला. बाईंना तो नको होताच, शिवाय जाळीमुळे पैलूंचा लखलखाट मारला गेला असता.

मोठा कॅबोशॉन: चिरेकडचं टोक काढून उरलेल्या २९ मिलिमीटरमधून २८ लांब, २० रुंद, १४ उंच असा घुमट निघत होता. वजन साधारण ६५ कॅरट. हा अंदाज असा काढतात: लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये गुणायची, त्याला विशिष्ट गुरुत्वाने गुणायचं आणि घुमटाच्या भरीवपणानुसार ०.००२६ ते ०.००२८ ने गुणायचं. बाईंचा आणि खरं तर सगळ्यांचाच ओढा या आकड्याकडे होता. पण १४ मिलिमीटर जाडीत रंगाचं काय होणार, हे कुणी पाहिलं नव्हतं.

मधला कॅबोशॉन: २५ गुणिले १८, उंची ठरायची बाकी. या मापाची तयार कोंदणं बाजारात मिळतात, पुढे खडा हलवायचा झाला तरी अडत नाही.

रेघेचा खडा: नळ्या असलेल्या तुकड्यातून मांजरीच्या डोळ्यासारखी उजेडाची रेघ येऊ शकत होती. ती रेघ नळ्यांना नेहमी काटकोनात पडते. म्हणून खड्याची बूड नळ्यांना समांतर आणि खड्याची लांबी नळ्यांना आडवी ठेवावी लागते, तरच रेघ लांबीभर धावते. इथे नळ्यांची दिशा १२ मिलिमीटरचीच, म्हणजे खडा १० मिलिमीटरहून रुंद होणार नाही. मुख्य पेंडंटला लहान, पण टाकून द्यावा असाही नाही. (असा खडा पुढे लसण्या म्हणून विकू नये. जाणकार लसण्या म्हणतो तेव्हा वेगळाच खडा अभिप्रेत असतो. याला रेघेची तुरमली म्हणावं.)

पाचरीची चाचणी

मोठा की मधला, हे वादाने ठरणार नव्हतं. कारागिराने दोन काप आखले. पहिल्याने चिरेकडचं टोक वेगळं झालं. दुसरा काप लांबीच्या दिशेने: त्रिकोणाची रुंद बाजू बूड धरून ११ मिलिमीटर जाडीचा पाट ठेवला आणि वरचा निमुळता कणा बाजूला काढला. दोन्ही पर्यायांची बूड हीच राहणार होती, पण १४ उंचीचा घुमट हवा असता तर हा दुसरा काप चालला नसता. म्हणून तो प्रत्यक्ष घेण्याआधी कण्याच्या टोकाची एक फोड काढून तिची पाचर केली: एका बाजूला २ मिलिमीटर, दुसरीकडे १४, दोन्ही अंगं ६०० च्या चाकापर्यंत गुळगुळीत (आकडा जितका मोठा, तितकं चाक बारीक). जाडी मोजण्याची दिशा स्फटिकाच्या लांबीला आडवी ठेवली, कारण घुमटातूनही प्रकाश त्याच दिशेने जाणार होता.

पाचर आधी खिडकीकडे धरली. १४ मिलिमीटरच्या टोकालाही रंग हिरवा होता, गडद पण जिवंत. इथे थांबलं असतं तर मोठा खडा घडला असता आणि फसला असता. मग तीच पाचर पांढऱ्या कागदावर ठेवली. ५ मिलिमीटरपर्यंत भाताच्या लावणीच्या रोपांचा हिरवा, ८ ते ९ पर्यंत बाटलीचा, ११ च्या पुढे काळपट. मग बाईंच्याच गडद जांभळ्या पदरावर ठेवली: काळपटपणा ९ लाच सुरू झाला.

खिडकीकडे धरलेल्या खड्यातून प्रकाश एकदाच जातो. कागदावर ठेवलेल्यातून आत जाऊन, तळाला आपटून परत येतो, म्हणजे दुप्पट जाडी ओलांडतो. गळ्यातला खडा कुणी खिडकीकडे धरून बघत नाही. तो कापडावर किंवा अंगावर टेकलेला असतो, आणि कापड गडद असेल तर परत येणारा प्रकाश आणखी कमी. आमचं ठाम मत आहे की गडद खड्याची जाडी कोंदण आणि कपडा ठरल्याशिवाय ठरवू नये.

कारागिराने पाचर पदरावर तशीच ठेवून सांगितलं, "वैनी, हो खडो जाडो ठेवलो तर काळो दिसतलो." हे त्यांना हिशेबाने पटलं नसतं, पाचर पाहून पटलं. ठरलं ते असं: २५ गुणिले १८, उंची पावणेनऊच्या आत, कोंदण मागून उघडं.

घडाई

करवतीला तेल न वापरता पाणी वापरलं. चिरेत तेल शिरलं की ती तात्पुरती दिसेनाशी होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत उगवते. पात्याची जाडी अर्धा मिलिमीटर. खुणा ॲल्युमिनियमच्या टोकाने केल्या, पेनाची शाई पाण्याने जाते.

घासताना खडा धरण्यासाठी तो लहान दांडीवर चिकटवतात. तिथे दुसरा निर्णय आला. पिढ्यान्पिढ्या हे काम लाखेने होतं. सावंतवाडी जवळ, तिथल्या लाखकामामुळे लाख या भागात नवखी नाही, आणि ती पकडही उत्तम देते. पण लाख धरण्यासाठी खडा हाताला चटका बसेल इतका तापवावा लागतो. द्रवाचे पडदे असलेल्या तुरमलीत तो धोका घ्यायचा नाही असं ठरवून दोन भागांचं थंड इपॉक्सी लावलं आणि पूर्ण दिवस सुकू दिलं. पावसाळ्यात खड्यावर डोळ्यांना न दिसणारा दमटपणा असतो, म्हणून आधी स्पिरिटने पुसून पंख्याखाली तासभर ठेवला. हे वगळलं की पकड भर घडाईत सुटते.

२२० च्या चाकावर आधी अंडाकृती बाह्यरेषा, साच्याच्या रेघेबाहेर अर्धा मिलिमीटर सोडून. त्याहून भरड चाक वापरलं नाही, कारण तुरमली ठिसूळ आहे आणि भरड चाकावर तिच्या कडेचे टवके उडतात. मग कडेला दीड मिलिमीटर उभी भिंत ठेवली, वर किंचित आत झुकलेली, म्हणजे कोंदणाची पट्टी तिच्यावर दाबून बसते. बुडाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा तिरपा काप दिला. हा काप लहान असतो, पण तो नसेल तर बसवताना पहिला टवका तिथूनच निघतो. त्यानंतर घुमट: आधी ४५ अंशांचा पट्टा, मग त्याच्या वरचा कोपरा मोडून दुसरा पट्टा, मग गोलाई. एकदम गोल करायला गेलं की माथा सपाट राहतो आणि ते पॉलिशनंतरच कळतं.

अपघात

६०० च्या चाकावर घुमट जवळजवळ पुरा झाला होता. आषाढातला पाऊस, वारा सुटलेला. वीज गेली. चाक आणि दिवा इन्व्हर्टरवर होते, त्यामुळे दोन्ही चालू राहिले. पाण्याचा पंप मात्र थेट लाईनवर होता. तो बंद पडला.

हे कळण्याच्या खुणा तीन. ओल्या चाकाचा आवाज एकसारखा घुमणारा असतो, तो कोरडा आणि करकरीत होतो. खड्याखालून वाहणारी दुधट राबडी थांबते आणि कडेला पांढरी पूड दिसू लागते. आणि दांडीतून बोटांना ऊब लागते. पहिल्या दोन खुणा पावसाच्या आवाजात आणि मंद दिव्यात हुकल्या. तिसरी कळेपर्यंत काही सेकंद गेले होते.

खडा तेव्हाही शाबूत होता. नुकसान पुढच्या क्षणी झालं. कारागिराने खडा गरम लागताच शेजारच्या पाण्याच्या मगात बुडवला. बारीक टिचकीसारखा आवाज आला. वर काढला तेव्हा कडेपासून सुरू होऊन आत गेलेली, पिसासारखी, ४ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर खोल चीर अंडाकृतीच्या खांद्यावर, एका टोकाजवळ दिसली. भिंगाखाली ती तिरपी केली की चांदीसारखी चमके.

तापलेली तुरमली हळूहळू थंड झाली तर बहुतेक वेळा वाचते. वरचा थर झपकन आकसतो आणि आतला गरमच राहतो, त्या ओढाताणीत ती फुटते. खडा तापला तर चाकावरून उचलायचा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पाणी नाही, पंखा नाही, थंड फरशीही नाही. हे माहीत असणाऱ्या हातालाही गरम वस्तू पाण्यात घालण्याची सवय असते, म्हणून चाकाजवळ फडकं ठेवायचं आणि पाण्याचा मग ठेवायचा नाही, हीच खरी खबरदारी.

चीर पडल्यावरचे पर्याय

काम थांबवून त्याच संध्याकाळी बाईंना फोन केला. हाही निर्णयच होता, कारण चीर खांद्यावर होती आणि कोंदणाच्या पट्टीखाली निम्मी झाकली गेली असती. झाकली असती तर खडा बसवणाऱ्या सोनाराने पट्टी दाबताना ती वाढली असती, आणि दोष त्याच्या माथी गेला असता.

तीन वाटा समोर ठेवल्या. चिरेत पातळ रेझिन भरायचं: चीर दिसेनाशी होते, माप तेच राहतं, पण भरण केल्याचं बिलावर लिहावं लागतं आणि वर्षांनंतर रेझिन पिवळं पडू शकतं. दुसरी, सगळा खडा बारीक करायचा, साधारण २२ गुणिले १६. हे सर्वात सुरक्षित. तिसरी, आकारच बदलायचा. चीर अंडाकृतीच्या टोकावर नसून खांद्यावर असल्यामुळे दोन्ही खांदे उतरवून ते टोक निमुळतं केलं, म्हणजे थेंबाचा आकार दिला, तर चीर आपसूक निघून जात होती आणि २५ गुणिले १८ हे माप टिकत होतं.

कागदावर दोन्ही आकार कापून बाईंना दाखवले. त्यांनी थेंब निवडला. पेंडंटला तो शोभतो हे खरं, पण थेंबाचं टोक ही ठिसूळ खड्याची सर्वात कमजोर जागा. म्हणून टोक अणकुचीदार न ठेवता २ मिलिमीटर त्रिज्येचं गोल ठेवलं, आणि कोंदणात ते वर, साखळीच्या बाजूला येईल असं ठरवलं. खाली आलं असतं तर टेबलाच्या कडेला पहिला मार त्यालाच बसला असता. सुरक्षितपणाच्या दृष्टीने लहान अंडाकृती सरस होती, हे बाईंना सांगूनच थेंब घडवला.

पाण्यातली माती

पाण्यासाठी पंपाऐवजी आता सलाईनच्या दोन बाटल्या चाकावर टांगल्या. नळीच्या चिमटीने थेंब कमीजास्त करता येतात आणि वीज असो नसो, पाणी पडत राहतं. ६०० आणि १२०० नीट पार पडलं. ३००० ला मात्र घुमटावर पुन्हा पुन्हा एकेकटे, लांब, वाकडे ओरखडे येऊ लागले. चाकाचे ओरखडे समांतर आणि गटाने येतात. एकटा, वळणदार ओरखडा म्हणजे चाक आणि खडा यांच्यामध्ये मोकळा कण फिरतोय.

चाक धुतलं, हात धुतले, नखं कापली, ओरखडे तसेच. मग पाण्याकडे लक्ष गेलं. विहिरीचं पाणी पावसाळ्यात जांभ्याची लाल माती घेऊन येतं, ती मऊ असते. पण या भागात मातीत गारगोटीचे कणही असतात. कासार्ड्याकडे तर सिलिका वाळूच्या खाणी आहेत. गारगोटीचा कठीणपणा ७, तुरमलीचा ७ ते ७.५. बारीक चाकावर असा एक भरड कण पुरेसा होतो. पाणी रात्रभर निवळत ठेवलं, वरचं वरचं काढून चौपदरी मलमलीतून गाळलं, दर चाकाला बाटली वेगळी ठेवली. ओरखडे थांबले. १२०० पासून पुन्हा यावं लागलं आणि त्यात दोन दिवस गेले.

पुढे ८०००, मग १४०००, शेवटी चामड्यावर ०.३ मायक्रॉनचं ॲल्युमिना, ओलसर, हलक्या दाबाने. चामडं कोरडं पडू लागलं की झळाळी पटकन येते, म्हणून मोह होतो. पण तिथेच पुन्हा उष्णता तयार होते. दर दोन मिनिटांनी खडा गालाला लावून पाहायचा. गाल बोटापेक्षा लवकर सांगतो.

पाठ कोरणं

दांडीवरून काढायला खडा दोन दिवस ॲसिटोनमध्ये ठेवला. पाठ सपाट पॉलिश झाल्यावर वजन २९.९ कॅरट, उंची ८.६ मिलिमीटर. पांढऱ्या कापडावर रंग सुरेख, जांभळ्या पदरावर मधोमध अजून सावली. तामड्याचे (गार्नेटचे) गडद कॅबोशॉन जुन्या काळापासून पाठीतून कोरून उजळ करतात. तीच युक्ती इथे केली. घुमटावर मऊ चिकटपट्टी लावून खडा लाकडी साच्यात उपडा बसवला, थाळीत पाणी भरून बुडवला आणि गोल डायमंड बरने (हिऱ्याच्या कणांच्या फिरत्या टोकाने) मधोमध १२ मिलिमीटर व्यासाची, १.८ मिलिमीटर खोल वाटी कोरली. कडेला ३ मिलिमीटरचा सपाट काठ सोडला, कोंदण त्यावर टेकतं. वाटीचं पॉलिश लाकडी गोळीवर डायमंड पेस्ट लावून तीन टप्प्यांत. वाटी निस्तेज राहिली तर प्रकाश तिथेच विखुरतो आणि कोरण्याचा उपयोग होत नाही.

कमी झालं १.६ कॅरट. मध्यावरची जाडी ६.८ मिलिमीटर झाली आणि पदरावरची सावली गेली. दीड कॅरटसाठी हुरहुर वाटणं स्वाभाविक आहे, पण या खड्यात त्या दीड कॅरटचं काम रंग अडवणं एवढंच होतं.

निकाल

मुख्य खडा: थेंबाचा कॅबोशॉन, २५ गुणिले १८, २८.३ कॅरट. चिरेपलीकडच्या तुकड्यातून रेघेचा लहान खडा: १३ गुणिले १०, ७ कॅरट. त्याच्या दोन बाजूंना, जिथे नळ्या उघड्या पडतात, पॉलिशची पांढरी पूड शिरून बसली होती. ती मऊ दातब्रशने साबणाच्या पाण्यात काढावी लागली. एका दिव्याखाली रेघ सरळ आणि लांबीभर पडते, ट्यूबलाईटखाली पसरट होते. दोन्ही मिळून १९३ पैकी ३५.३ कॅरट, म्हणजे १८ टक्क्यांच्या थोडं वर.

बिलावर लिहिलं: नैसर्गिक हिरवी तुरमली, भरण नाही, पाठ कोरलेली. सोनारासाठी वेगळी चिठ्ठी दिली: डाग देण्याचं (सांधे जोडण्याचं) सगळं काम आधी, खडा शेवटी. खडा बसवल्यावर ज्योत नाही, वाफ नाही, अल्ट्रासॉनिक नाही. कोमट पाणी आणि साबण पुरे. बाईंना एक गोष्ट मुद्दाम सांगितली. तुरमली तापली किंवा घासली गेली की तिच्यावर वीजभार येतो आणि ती धूळ ओढते, शोकेसमधल्या दिव्याखाली ठेवली तर विशेष. खडा खराब झाला असं समजू नये, पुसावा.

पुन्हा करायचं झालं तर

पाचर पहिल्याच भेटीत, बाईंच्या समोर करायची. यावेळी ६५ कॅरटचा आकडा आधी उच्चारला गेला आणि तो खाली आणायला आठवडा गेला.

पंप आणि चाक एकाच स्विचवर. एक बंद पडलं की दुसरंही बंद. हे काम आता त्या कारखान्यात झालं आहे, खर्च किरकोळ आला. सलाईनच्या बाटल्याही ठेवल्या आहेत.

चाकाशेजारचा मग हलवला, तिथे घडी केलेलं सुती फडकं आहे.

एका निर्णयावर मात्र दोन मतं आहेत. पाठ कोरण्यापेक्षा घुमटच आधी ७ मिलिमीटरचा ठेवला असता तर काम कमी झालं असतं. पण २५ मिलिमीटर लांबीवर ७ चा घुमट चपटा दिसतो, आणि चपट्या घुमटावर उजेडाचा ठिपका फिरत नाही, पसरून राहतो. बाईंना घुमट भरलेला हवा होता. आमच्या मते कोरणं बरोबर होतं, फक्त वाटी घुमटाच्या पॉलिशआधी कोरायला हवी होती. पॉलिश केलेला घुमट साच्यात उपडा दाबणं हा विनाकारण घेतलेला धोका होता.

वरच्या कण्याचा उरलेला भाग, साधारण ८ मिलिमीटर जाड, पाचरीसकट पुडीत बांधून बाईंना परत दिला. पुडीवर स्फटिकाच्या लांबीची दिशा बाणाने दाखवली आहे आणि खाली लिहिलं आहे: ५ मिलिमीटरहून जाड ठेवू नये.